आंकडा येतो कोठून?

गेल्या पावसाळ्यांत माझ्या धाकट्या भावाची मुलगी पुण्याच्या एका महाविद्यालयांत दाखल झाली. कोणता विषय घेतलास म्हणून मीं विचारलें, तेव्हां तिनें जें नांव सांगितलें त्याचें मराठी करावयाचें तर ‘माहितीचें शास्त्र व माहितीच्या व्यवस्था’ असें कांहींसें होईल. सुटींत ती घरीं आली असतां तिनें आपल्या संगणकावर एक भला मोठा तक्ता मला उघडून दाखविला. पंचवीस हजार ओळी आणि चाळीस रकाने! कोठल्या तरी शहरांतील कुटुंबांची ती माहिती होती. घरांत माणसें किती, मिळकत काय, घर स्वतःचें कीं भाड्याचें, असा सर्व तपशील तींत होता. बोटाच्या एका टिचकीसरशीं तिनें सरासरी काढली, आलेख काढला, आणि पुढील वर्षीं काय होईल याचें भाकीतहि करून दाखविलें. मी थक्क झालों. मग सहज विचारलें, “बाळ, ही माहिती गोळा कोणीं केली?” ती क्षणभर थांबली व म्हणाली, “काका, ती तयारच मिळते. तें आम्हांला कोणी विचारीत नाहीं.”

त्या उत्तरानें आजच्या भाषणाचा विषय मला सुचला. मी मॅट्रिकच्या पुढें न शिकलेला, प्राथमिक शाळेचा सेवानिवृत्त शिक्षक. या नव्या विद्येंतील गणित मला येत नाहीं, आणि येत असल्याचा आव आणण्याचें वयहि आतां राहिलें नाहीं. परंतु या विद्येचें एक टोक माझ्या हातांत बरींच वर्षें होतें. सदतीस वर्षें मीं शाळेचे हजेरीपट भरले आणि १९९१, २००१ व २०११ या तीन खानेसुमाऱ्यांत दारोदार हिंडून माणसें मोजलीं. मुलांच्या पडद्यावर जो तक्ता उघडतो, तो प्रथम कोठें तरी आमच्यासारख्याच कोणाच्या तरी हातानें भरलेला असतो. म्हणून ही विद्या आपल्या देशांत महाविद्यालयाच्या वर्गांत कशी आली, आरंभीं तिच्या शिक्षकांनीं कशावर भर दिला, आणि त्यांतील कोणती गोष्ट आज विसरली जात आहे, हें सांगण्याचा थोडा तरी हक्क मला आहे असें वाटतें.

या इतिहासाचा आरंभ कलकत्त्यास होतो. प्रशांतचंद्र महालनोबीस हे १९१५ सालीं केंब्रिजचें शिक्षण संपवून स्वदेशीं परतावयास निघाले, तों महायुद्धामुळें त्यांच्या प्रवासास विलंब झाला. तो रिकामा वेळ ते किंग्ज कॉलेजच्या ग्रंथालयांत घालवीत असतां तेथील मॅकॉले नांवाच्या शिक्षकानें ‘बायोमेट्रिका’ या नियतकालिकाच्या खंडांकडे त्यांचें लक्ष वेधलें. सजीवांचीं मोजमापें घेऊन त्यांवरून सामान्य नियम कसे काढावे, याचा ऊहापोह त्यांत होता. महालनोबीसांना तो विषय इतका आवडला कीं, त्यांनीं ते खंड विकत घेतले आणि बोटीवरच वाचावयास आरंभ केला. कलकत्त्यास येऊन ते प्रेसिडेन्सी कॉलेजांत पदार्थविज्ञान शिकवूं लागले. संख्याशास्त्र हा स्वतंत्र विषय तेव्हां आपल्या एकाहि विद्यापीठांत नव्हता. त्यामुळें पदार्थविज्ञानाच्या खात्यांतील एका खोलींतच या नव्या विद्येचा संसार मांडला गेला.

त्या खोलीला पहिलें काम मिळालें तें आपल्या नागपुरांत. १९२० सालीं तेथें सायन्स काँग्रेसचें अधिवेशन भरलें होतें. प्राणिविज्ञान-सर्वेक्षणाचे संचालक ॲनन्डेल यांची व महालनोबीसांची तेथें गांठ पडली. ॲनन्डेल यांच्यापाशीं कलकत्त्यांतील सुमारें दोनशें अँग्लो-इंडियन पुरुषांचीं शरीराचीं मोजमापें पडून होतीं; तीं त्यांनीं महालनोबीसांच्या स्वाधीन केलीं. त्यांवरील महालनोबीसांचा निबंध १९२२ सालीं प्रसिद्ध झाला.

हें झालें पंडितांचें काम. परंतु आंकड्यांवर माणसांचे संसार अवलंबून असतात, हें लवकरच दिसून आलें. १९२६ सालीं ओरिसांत ब्राह्मणी नदीस मोठा पूर आला. इंजिनिअरांचें मत असें पडलें कीं, नदीचें पात्र गाळानें वर आलें आहे, सबब दोन्ही तीरांवरील बांध आणखी उंच करावे. हा प्रश्न महालनोबीसांकडे आला. त्यांनीं सुमारें साठ वर्षांच्या पावसाच्या व पुराच्या नोंदी मिळविल्या, एकमेकींशीं ताडून पाहिल्या, आणि पात्र वर आलेलें नाहीं, पुराचें कारण नदीच्या वरच्या अंगास झालेली अतिवृष्टि हें आहे, असें दाखवून दिलें. त्यांनीं उपाय सुचविला तो वरच्या बाजूस धरणें बांधण्याचा. पुढें हिराकूडच्या योजनेच्या विचारांत या हिशेबांना स्थान मिळालें.

या यशाचें श्रेय महालनोबीसांच्या बुद्धीस आहे, हें खरें. परंतु त्या साठ वर्षांत रोज सकाळीं उठून पर्जन्यमापकांतलें पाणी मोजणारे आणि वहींत तो आंकडा मांडणारे जे अनाम कारकून होऊन गेले, त्यांनीं पावसांत बाहेर पडण्याचा कंटाळा करून घरबसल्या अंदाजानें आंकडे लिहिले असते, तर महालनोबीसांची बुद्धि काय करूं शकली असती? हा प्रश्न मनांत ठेवूनच आपण पुढें जाऊं.

१७ डिसेंबर १९३१ रोजीं कलकत्त्यास सभा भरून ‘इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट’ ही संस्था स्थापन झाली. २८ एप्रिल १९३२ रोजीं ती रीतसर नोंदली गेली. पहिल्या वर्षाचा तिचा खर्च अडीचशें रुपयांच्या आंत होता. त्या काळीं ‘कॉम्प्युटर’ हा शब्द यंत्रास लावीत नसत. पगार घेऊन बेरजा-गुणाकार करणाऱ्या माणसास लावीत! १९३३ सालीं संस्थेनें आपलें नियतकालिक सुरू केलें व त्याला ‘संख्या’ असें संस्कृत नांव दिलें. या शब्दांत मोजणें जसें आहे, तसें नीट पारखून जाणणेंहि आहे. नांव ठेवणारानें विचार करूनच तें ठेवलें होतें.

संस्थेची खरी कसोटी लागली ती तागाच्या शेतांत. ताग हें बंगालचें मुख्य नगदी पीक. परंतु तो किती एकरांत पेरला आहे हें कोणासच नक्की ठाऊक नसे. आपल्याकडे रयतवारी असल्यामुळें गांवोगांवच्या दप्तरांत शेतवार पेऱ्याची नोंद होत असे. बंगालमध्यें कायमधाऱ्याची पद्धत होती. जमीनदाराकडून ठराविक सारा मिळाला म्हणजे सरकारचें काम संपलें; त्यामुळें शेतांची नोंद ठेवणारा तलाठी तेथें नव्हताच. गांवच्या चौकीदारानें सांगितलेला अंदाज एका कचेरींतून दुसऱ्या कचेरींत चढत चढत अखेर प्रांताचा अधिकृत आंकडा होऊन छापला जाई.

१९३७ सालीं महालनोबीसांनीं तागाच्या पाहणीस हात घातला. प्रत्येक शेत मोजणें तर अशक्य होतें. तेव्हां आपल्या गृहिणी रोज जें करतात तेंच करावयाचें ठरलें. शितावरून भाताची परीक्षा! पण शीत घ्यावयाचें कोणतें? वरच्या वर हाताला येईल तें घेतलें तर भात शिजल्यासारखा वाटतो आणि तळाशीं कच्चाच असतो. पाहणी करणारा माणूसहि आपल्यासारखाच. त्याला मोकळें सोडलें तर तो सडकेजवळचें, सावलीजवळचें, ओळखीच्या माणसाचें शेत निवडील. म्हणून कोणतें शेत पाहावयाचें हें त्याच्या मर्जीवर न ठेवतां जणूं चिठ्ठी टाकून आधींच ठरवीत; मग तें दलदलींत असो वा गांवापासून कोसभर दूर असो. महालनोबीसांनीं दुसरीहि एक खबरदारी घेतली. एकाच मुलखांत दोन स्वतंत्र तुकड्या पाठवावयाच्या, दोघींचे आंकडे वेगळे ठेवावयाचे आणि मग ते शेजारीं शेजारीं ठेवून पाहावयाचे. जुळले तर ठीक. न जुळले तर चूक केवढी असूं शकेल याचा अंदाज त्या फरकावरूनच येई. आपण चुकूं शकतों हें आधींच गृहीत धरून ती चूक मोजण्याची सोय कामांतच करून ठेवणें, हा मला या विद्येचा सर्वांत मोठा गुण वाटतो. १९४१ पर्यंत ही पाहणी सबंध बंगाल प्रांतभर पसरली.

या कामाची निकड किती होती, हें १९४३ च्या बंगालच्या दुष्काळानें दाखविलें. त्या दुष्काळांत लाखों माणसें मेलीं. कारणें अनेक होतीं. युद्ध होतें, महागाई होती, राज्यकर्त्यांची बेपर्वाई होती. परंतु प्रांतांत तांदूळ आहे किती, हें विश्वासानें सांगणारा आंकडाहि कोणापाशीं नव्हता. पीकपाण्याचे आंकडे भरंवशाचे नव्हते, ही गोष्ट पुढें चौकशी-आयोगाच्या १९४५ च्या अहवालांतहि आली. चौकीदाराचा अंदाज प्रांताचा आंकडा म्हणून छापला जातो, तेव्हां त्याची किंमत शेवटीं कोण देतो, हें यावरून समजावें.

याच सुमारास महाराष्ट्रांतील एक विद्वान् या कामांत पुढें आले. सातारा जिल्ह्यांतील बुध या गांवीं १९११ सालीं जन्मलेले पांडुरंग वासुदेव सुखात्मे फर्ग्युसन कॉलेजांत शिकले, लंडनहून डॉक्टरेट घेऊन आले, आणि १९४० नंतर दिल्लीस सरकारच्या कृषिसंशोधन परिषदेंत काम करूं लागले. तोंवर पिकाचा उतारा ठरवावयाचा तो नजरेनें. यंदा पीक रुपयांत बारा आणे कीं आठ आणे, ही आपली आणेवारी श्रोत्यांस ठाऊक असेलच. सुखात्मे आणि इंदूरच्या संस्थेंतले पानसे यांनीं शेतांत ठराविक मापाचा तुकडा आंखून, त्यांतील पीक कापून, मळून, त्याचें वजन करून उतारा काढण्याची पद्धत देशांत रूढ करण्याचें काम अंगावर घेतलें. पुढें १९५४ सालीं या दोघांचें शेतकी संख्याशास्त्रावरील पुस्तक निघालें व तें कित्येक वर्षें विद्यार्थ्यांच्या हातीं राहिलें.

या पद्धतीवरूनच सुखात्मे व महालनोबीस यांच्यामध्यें एक वाद जुंपला. महालनोबीस लहान तुकडा पसंत करीत. चार फूट त्रिज्येचें एक वर्तुळ आंखलें कीं पुरे. त्यास वेळ कमी लागतो, मजुरी कमी पडते, आणि तेवढ्याच खर्चांत अधिक शेतें पाहून होतात. सुखात्मे म्हणत, तुकडा मोठाच हवा. कारण लहान वर्तुळांतील पुष्कळ झाडें अगदीं कडेवर येतात, आणि कडेवरचें झाड आंत धरावें कीं बाहेर, असा प्रश्न पडला म्हणजे कापणाऱ्याचा हात नकळत तें आंत ओढतो. त्यांत त्याचा लबाडीचा हेतु नसतो. परंतु प्रत्येक वर्तुळांत दोन-चार ताटें अशीं आंत आलीं आणि त्या हिशेबानें सबंध प्रांताचा उतारा काढला, म्हणजे शेतांत नसलेलें धान्य कागदावर उभें राहतें. सुखात्म्यांनीं लहान-मोठ्या तुकड्यांचे उतारे ताडून १९४६ सालीं ‘नेचर’ या जगप्रसिद्ध साप्ताहिकांत आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. दोन थोर गणिती शेताच्या कडेवरील ताटांविषयीं हुज्जत घालीत होते, आणि त्या ताटांमागें देशाची शिधावांटप उभी होती. मला तर हा या विद्येच्या इतिहासांतील अत्यंत उदात्त प्रसंग वाटतो.

आतां आपण वर्गाकडे वळूं. १९४१ सालीं कलकत्ता विद्यापीठानें संख्याशास्त्रांत एम्. ए. चा अभ्यासक्रम सुरू केला. आपल्या देशांतील पदव्युत्तर दर्जाचा तो पहिला. पहिल्या विद्यार्थ्यांत आंध्र विद्यापीठाचे गणितांतील पदवीधर चक्रवर्ती राधाकृष्ण राव हे होते. ते १९४३ सालीं पहिल्या क्रमांकानें उत्तीर्ण झाले आणि लागलीच तेथेंच शिकवूंहि लागले. एके दिवशीं वर्गांत ते फिशर या इंग्रज शास्त्रज्ञाचा एक सिद्धान्त समजावून देत होते. नोंदी अगणित असल्या तर अनुमानाच्या अचूकपणास मर्यादा काय पडते, असा तो विषय होता. तेव्हां एका विद्यार्थ्यानें विचारलें कीं, नोंदी अगणित नसून मोजक्याच असल्या तरीहि अशी मर्यादा सांगतां येईल काय? राव यांच्यापाशीं उत्तर नव्हतें. ते घरीं गेले, रात्रीं त्यावर बसले, आणि दुसऱ्या दिवशीं उत्तर घेऊन वर्गांत आले. ही आठवण त्यांनीं स्वतःच सांगून ठेविली आहे. तें उत्तर १९४५ सालीं कलकत्त्याच्या गणितमंडळाच्या पत्रिकेंत छापलें गेलें. पुढें स्वीडनच्या क्रामेर यांनींहि तोच निष्कर्ष स्वतंत्रपणें मांडल्यामुळें तो आज जगभर क्रामेर-राव यांच्या नांवानें शिकविला जातो. राव २०२३ सालीं, वयाच्या १०२ व्या वर्षीं वारले.

प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी कोण होता? विनायक महादेव दांडेकर! साताऱ्यास जन्मलेले आणि पुढें पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे संचालक झालेले, तेच हे प्रोफेसर दांडेकर.

त्या सिद्धान्ताचें गणित मी सांगूं शकत नाहीं. परंतु त्याचा आशय आपल्या आजीबाईंनाहि पटेल. कितीहि चतुर माणसानें कितीहि चतुर रीतीनें हिशेब केला, तरी निरीक्षणांत जेवढी माहिती आहे तिच्यापलीकडचा अचूकपणा त्याला काढतां येणार नाहीं. आडांत नाहीं तर पोहऱ्यांत कोठून येणार? आपल्या म्हणीनें जें अनुभवानें सांगितलें, तें राव यांनीं गणितानें सिद्ध केलें. आणि आड केवढा खोल आहे हें मोजण्याची रीतहि दिली.

दांडेकरांनीं आपला प्रश्न जन्मभर सोडला नाहीं. १९५० सालीं राष्ट्रीय नमुना पाहणी सुरू झाली. पाहणीदार खेड्यापाड्यांत जाऊन घरांत धान्य किती आलें, तेल किती लागलें, कापडास काय पडलें, हें विचारूं लागले. त्याच आंकड्यांच्या आधारें दांडेकर व नीलकंठ रथ यांनीं १९७१ सालीं भारतांतील दारिद्र्यावर आपलें पुस्तक लिहिलें. माणशीं रोज २२५० उष्मांक मिळतील एवढें अन्न विकत घेण्याची ऐपत किती लोकांस नाहीं, असा रोखठोक प्रश्न त्यांनीं देशापुढें ठेवला. त्यावर सुखात्म्यांनीं हरकत घेतली कीं, माणसाची गरज दिवसागणिक व देहागणिक बदलते. एवढ्या एका रेषेखालीं आला तो उपाशी, असें म्हणतां येणार नाहीं. सातारा जिल्ह्यांतलेच हे दोघे पुत्र! त्यांचा वाद आंकडेमोडीचा नव्हता. ‘उपाशी’ म्हणावयाचें कोणास, हें आधीं ठरवावें लागतें; तें ठरविल्याखेरीज मोजणार काय? रकान्याच्या माथ्यावर जो शब्द लिहितों तोच अर्धा निकाल देऊन टाकतो, हा धडा या वादांत आहे.

यानंतर यंत्रें आलीं. कलकत्त्याच्या संस्थेंत इंग्लंडहून आणलेला पहिला संगणक १९५६ च्या सुमारास चालूं लागला. मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेनें स्वतः बांधलेला संगणक १९६० सालीं कामास लागला. १९६३ सालीं कानपूरच्या तंत्रविद्या संस्थेंत संगणक आला आणि तेथें विद्यार्थ्यांस तो चालविण्याचें शिक्षण मिळूं लागलें. इकडे पुणें विद्यापीठांत १९५३ सालीं संख्याशास्त्राचा विभाग निघाला. त्याचे प्रमुख कोल्हापूरचे वसंत शंकर हुजूरबाजार हे होते. कलकत्त्याच्या संस्थेस १९५९ च्या कायद्यानें पदव्या देण्याचा अधिकार मिळाला आणि १९६० पासून तिचे स्वतःचे पदवीचे वर्ग सुरू झाले. अशा प्रकारें एका बाजूनें आंकड्यांची विद्या व दुसऱ्या बाजूनें यंत्राची विद्या वाढत गेली. आज माझी पुतणी जो विषय शिकते तो त्या दोहोंच्या संगमावर उभा आहे.

या संगमांतील तिसरा प्रवाह म्हणजे माहिती ठेवण्याची विद्या. १९७० सालीं आय. बी. एम्. कंपनींतले एडगर कॉड यांनीं अमेरिकेंत एक निबंध प्रसिद्ध केला. सर्व माहिती साध्या तक्त्यांत, ओळी व रकाने पाडून ठेवावी. प्रत्येक ओळीस तिची खूण असावी. आणि एका तक्त्याचा दुसऱ्या तक्त्याशीं संबंध त्या खुणेनेंच जुळवावा, हें त्यांचें सूत्र. पुतणीनें तें मला समजावून दिलें तेव्हां मला हंसूं आलें. कारण शाळेचें जनरल रजिस्टर हें दुसरें काय असतें? प्रत्येक मुलाची एक ओळ, त्याचा एक नंबर. हजेरीपट, निकालपत्रक, शाळा सोडल्याचा दाखला, सर्व कांहीं त्या नंबराशीं जोडलेलें. कॉड यांची थोरवी यामुळें कमी होत नाहीं. लाखों ओळी यंत्राकडून बिनचूक सांभाळून घेण्याची रीत त्यांनींच घालून दिली.

पण श्रोतेहो, त्या जनरल रजिस्टरानेंच मला माझ्या आयुष्यांतील एक लाजिरवाणी चूक दाखविली. ती आज सांगून टाकतों.

१९८२ सालीं मी घाटाखालच्या एका खेड्यांत नवा मास्तर होतों. जूनमध्यें शाळा उघडली कीं आया मुलांचे हात धरून येत. जन्मतारीख विचारली म्हणजे, “गुरुजी, पोळ्याच्या आदल्या दिशीं झाला,” “मोठ्या पुराच्या सालीं झाली,” अशीं उत्तरें मिळत. दाखल करावयास सहा वर्षें पुरीं हवीं, एवढें पाहून मी १ जून लिहून मोकळा होई. ही युक्ति माझी एकट्याची नव्हे. महाराष्ट्रांत १ जूनला वाढदिवस असणारीं इतकीं माणसें आढळतात तीं आम्हां गुरुजींच्या लेखणीचींच अपत्यें आहेत. त्यांपैकीं एक मुलगा पोळ्याच्या आदल्या दिवशींचा होता. त्याच्या आईनें सालहि बरोबर सांगितलें होतें, १९७५. गांवच्या जोश्यांकडे जुनीं पंचांगें होतीं. पांच मिनिटांत तारीख निघाली असती. मीं तेवढे कष्ट घेतले नाहींत. १ जून १९७६ असें लिहिलें आणि पुढच्या मुलास हांक मारली.

तीस वर्षांनीं तो मुलगा, म्हणजे आतां कुटुंबवत्सल गृहस्थ, माझें घर शोधीत आला. त्याचा धाकटा भाऊ तालुक्याच्या दवाखान्यांत नोव्हेंबर १९७६ मध्यें जन्मला होता. त्याची तारीख खरी होती. वडिलोपार्जित जमिनीच्या एका अर्जांत दोघांच्या तारखा शेजारीं शेजारीं आल्या, आणि एका मातेचीं दोन मुलें पांच महिन्यांच्या अंतरानें कशीं जन्मलीं, असा प्रश्न उभा राहिला. रजिस्टरावरून दाखला, दाखल्यावरून इतर सर्व कागद, आणि त्या कागदांवरून संगणक, अशा पायऱ्यांनीं माझें खोटें खरें होऊन बसलें होतें. संगणकानें चूक केली नव्हती. त्यानें माझी चूक इमानानें जपली होती. दोन वर्षें तो बिचारा हेलपाटे घालीत होता. मला एका शब्दानें बोलला नाहीं. जातांना पाया पडून गेला, तें मला अधिक लागलें.

खानेसुमारींतहि हेंच. वय विचारलें कीं लोक चाळीस, पंचेचाळीस, पन्नास असें ठोकून देतात. शून्यावर व पांचावर संपणाऱ्या वयांची गर्दी होते. ही गर्दी मोजण्याचें व्हिपल यांच्या नांवाचें एक माप संख्याशास्त्रांत आहे, म्हणजे वयें कितपत खरीं सांगितलीं आहेत हें त्या तक्त्यावरूनच ओळखतां येतें. परंतु कांहीं चुका अशा असतात कीं, तक्ता त्यांचा पत्ता लागूं देत नाहीं. १९९१ च्या खानेसुमारींत कामाच्या प्रश्नापुढें, शेतावर किंवा घरच्या धंद्यांत विनावेतन केलेलें कामहि धरावें, अशी सूचना मुद्दाम घातली होती. मी एका दारीं गेलों. घरधन्यास विचारलें, मंडळी काय काम करतात? तो म्हणाला, “कांहीं नाहीं, घरींच असते.” इतक्यांत ती माउली डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन शेतांतून आली. मीं तिलाच विचारलें, तेव्हां पेरणीपासून मळणीपर्यंत सर्व कामांची यादी निघाली. ती बाई दोन मिनिटें उशिरां आली असती, तर माझ्या कागदावर ती ‘काम न करणारी’ ठरली असती, आणि जगांतल्या कोणत्याहि संगणकानें तिच्या डोक्यावरचा भारा शोधून काढला नसता.

म्हणून माझें सांगणें एवढेंच आहे. मुलांना ही विद्या जरूर शिकवावी. तींत पोट भरण्याची सोय आहे आणि देशाचेंहि हित आहे. परंतु पदवी देण्यापूर्वीं प्रत्येक विद्यार्थ्यास एक तरी तक्ता स्वतःच्या पायांनीं हिंडून, स्वतःच्या हातानें भरावयास लावावा. मग तो आपल्या आळींतल्या पन्नास घरांचा कां असेना. ज्यानें एकदां उन्हांत उभें राहून प्रश्न विचारला आहे, उत्तर देणाऱ्याची टाळाटाळ पाहिली आहे, आणि ‘लिहा कांहींतरी’ हा मोह स्वतःच्या मनांत उठतांना ओळखला आहे, तो पुढें तयार तक्ता हातीं आला म्हणजे आधीं विचारील, “हा आंकडा येतो कोठून?” महालनोबीस, सुखात्मे, दांडेकर यांची परंपरा ती हीच.

आणि आपणां गृहस्थाश्रमी मंडळींकडेहि एक काम आहे. २०२१ ची खानेसुमारी महामारीमुळें राहून गेली; २०२७ च्या खानेसुमारीची अधिसूचना जून २०२५ मध्यें निघाली, आणि या खेपेस मोजणाऱ्याच्या हातांत कागदी तक्त्याऐवजीं भ्रमणध्वनि द्यावयाचा असें ठरलें. यंत्र बदललें तरी दार तेंच असतें आणि प्रश्नहि तेच असतात. मोजणी करणारे कोणी गुरुजी वा बाई अशा कामासाठीं आपल्या दाराशीं आल्या, तर त्यांना दारांतूनच वाटेस लावूं नका. क्षणभर बसवा, पाणी द्या, आणि घरांतल्या प्रत्येक माणसाविषयीं, तान्ह्या मुलीविषयीं आणि चुलीपुढें बसलेल्या माउलीविषयींहि, खरें तेंच सांगा. देशाच्या माहितीचा आड भरतो तो आपल्याच उंबरठ्यावर.

परवां पुतणीचा फोन आला होता. म्हणाली, “काका, वर्गांत मीं विचारलें, ही माहिती कोणीं गोळा केली म्हणून. सरांनींहि सांगितलें, शोधून काढूं या.” मला फार समाधान वाटलें.